कृष्णाकाठची शब्बाथ शाळा

सांगलीत मुलांना बायबलमधल्या नोहाची आणि महापुराची गोष्ट सांगणं आता पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. जगभरच्या संडे स्कूलमध्ये ही गोष्ट अगदी सुरुवातीला येते. तारवाच्या खिडकीतून मान बाहेर काढलेला जिराफ, जोडीजोडीने फळीवरून चढणारे हत्ती, वर इंद्रधनुष्य. रंगवायच्या वहीत हे चित्र हमखास असतं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी पाण्यात गेली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि त्यात बायका-मुलंही दगावली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. दप्तर माळ्यावर टाकून आईच्या कडेवर बसून ज्याने घर सोडलं, त्या मुलाला जिराफ रंगवायला देऊन भागत नाही.

शहरातल्या एका छोट्या मंडळीत मुलांचा वर्ग घेणाऱ्या ताईंकडून मी हे ऐकलं. मंडळी म्हणजे चर्चला येणारा समुदाय. यांच्या मंडळीत मोजकीच घरं आहेत आणि रविवारी मुलंही आठ-दहाच्या वर नसतात. पुरानंतरच्या एका रविवारी धड्याच्या क्रमाने नोहा आला. गोष्ट अर्ध्यावर असताना एका मुलीने विचारलं, तारवात न बसलेल्यांच्या मुलांचं काय झालं? शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेत या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आज्ञा पाळणाऱ्याला देव वाचवतो, एवढाच त्या दिवसाचा धडा होता. तो तसाच पुढे रेटला असता तर बुडाले ते वाईट होते, असा अर्थ मुलांनी घरी नेला असता. त्यांच्याच गल्लीतली माणसं बुडता बुडता वाचली होती.

ताईंनी पुस्तिका मिटली. आधी मुलांना बोलू दिलं. कुणाच्या घरात पाणी किती चढलं, कोण किती दिवस मंगल कार्यालयात झोपलं, कुणाची शेळी गेली. मग त्यांनी बायबल उघडून दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे, पुराच्या आधी देवाच्या अंतःकरणाला दुःख झालं असं उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसरी म्हणजे, नोहा तारवात वर्षभराहून जास्त काळ होता. पाऊस थांबला तरी त्याला लगेच उतरता आलं नाही. पाणी ओसरायला, जमीन सुकायला महिने गेले. हे मात्र मुलांना सांगावं लागलं नाही. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ असतो, भिंती ओल सोडत नाहीत, गाद्या फेकून द्याव्या लागतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कबुतराने आणलेल्या ओल्या पानाची किंमत सांगलीच्या मुलाला जितकी कळते तितकी ती गुळगुळीत चित्रपुस्तक छापणाऱ्याला कळली नसावी. आणि मुलीच्या प्रश्नावर ताई म्हणाल्या की, मलाही याचं उत्तर माहीत नाही, आपण त्या मुलांसाठी शांत बसू या. त्या दिवशी पाठांतर झालं नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या लहान मंडळ्यांमध्ये मुलांची श्रद्धा कशी वाढवली जाते, हे पाहताना मला हा तास सगळ्यात महत्त्वाचा वाटला. छोट्या मंडळीत साधनं नसतात, शिकलेले शिक्षक नसतात, वयोगटांप्रमाणे वेगळे वर्ग भरवता येत नाहीत. पण प्रश्न विचारायला जागा असते. प्रत्येक मूल नावाने, घरासकट, आजी-आजोबांसकट माहीत असतं. ही जागा वापरली नाही तर छोटेपणाचे नुसते तोटेच पदरात पडतात.

या भागातल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास फार जणांना ठाऊक नसतो. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये अहमदनगरला गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांचं काम साताऱ्यात पोचलं, पुढे वाईला दवाखाना झाला. दक्षिणेकडे कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलेलं काम नंतर प्रेस्बिटेरियन मिशनने हाती घेतलं आणि ते सांगली-मिरजेपर्यंत आलं. विल्यम वानलेस हे तरुण डॉक्टर १८८९ मध्ये इकडे आले. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. या दोन्ही प्रवाहांतल्या मंडळ्यांपैकी बऱ्याच पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. बाकी रोमन कॅथलिक आहेत, आणि अलीकडे घरातून भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आसपास होती. या दोन जिल्ह्यांत ती त्याहूनही पुष्कळ कमी. मुंबई, वसई किंवा नगरसारखं इथे नाही; इथलं ख्रिस्ती मूल शाळेत बहुधा आपल्या वर्गातलं एकटंच ख्रिस्ती मूल असतं.

रविवारची शाळा ही कल्पना इंग्लंडातली. ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये ती सुरू केली ती गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या पोरांना वाचायला शिकवण्यासाठी. आठवड्यात त्यांना सुट्टी एकच, रविवारची. भारतातल्या अशा शाळांची संघटना, इंडिया संडे स्कूल युनियन, १८७६ मध्ये अलाहाबादला स्थापन झाली. आपल्याकडे जुन्या मंडळ्यांतली मंडळी अजून शब्बाथ शाळा म्हणतात, नवी पिढी संडे स्कूल म्हणते. मराठी मिशनने मुलांच्या वाचनाकडेही लवकर लक्ष दिलं. त्यांचं 'बालबोधमेवा' हे मासिक १८७० च्या दशकातलं, म्हणजे विनायक कोंडदेव ओकांच्या १८८१ च्या 'बालबोध'च्याही आधीचं. मराठी बालसाहित्याच्या इतिहासात त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं माझं मत आहे.

आता एक तास जवळून पाहू. बहुतेक ठिकाणी वर्ग उपासनेच्या आधी भरतो किंवा प्रवचनाच्या वेळी मुलांना बाहेर नेतात. जागा म्हणजे चर्चच्या मागची खोली, पाळकांच्या घराचा व्हरांडा, नाहीतर कुणाच्या फ्लॅटचा हॉल. चपला दाराशी. मोठ्यांना सलाम करून मुलं सतरंजीवर बसतात. चार वर्षांचं मूल आणि तेरा वर्षांचा मुलगा एकाच सतरंजीवर. आधी प्रार्थना, मग एक-दोन गाणी, हातवारे करून म्हणायची. मागच्या रविवारचं वचन कोण म्हणतं ते पाहायचं. मग गोष्ट. गोष्टीवर एखादं चित्र किंवा चिकटकाम. शेवटी नवं वचन, दानाची थैली, खाऊ. पार्ले बिस्किटाचा पुडा किंवा चॉकलेट. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभर व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. डिसेंबर उजाडला की सगळं बाजूला पडतं आणि नाताळच्या नाटकाची तालीम सुरू होते. मेंढपाळांना डोक्याला फेटे बांधायचे, मागी लोकांना दाढ्या लावायच्या, आणि मरिया कोण होणार यावर रुसवेफुगवे.

या तासात मला सगळ्यात जास्त खटकतो तो वचन पाठ करण्यावरचा भर. पाठांतराला माझा विरोध नाही. लहानपणी पाठ केलेलं संकटात तोंडी येतं, हे पाठांतरावर वाढलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. पण बक्षीस लावून, जिल्हाभरच्या स्पर्धा घेऊन, सर्वाधिक वचनं म्हणणाऱ्याला ढाल देऊन आपण मुलांना काय शिकवतो? ज्याची स्मरणशक्ती तल्लख, तो देवाला जवळचा? बोलताना अडखळणारं मूल, वाचायला उशिरा शिकलेलं मूल या खोलीत मागे बसायला लागतं. ज्या येशूने एका मुलाला उचलून शिष्यांच्या मध्ये उभं केलं, त्याने त्या मुलाला काही म्हणून दाखवायला सांगितलं नव्हतं.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती वाढत चालली आहे. सातारा-सांगलीतली मुलं इंग्रजी माध्यमात जातात. घरी मराठी बोलतात, पण देवनागरी छापील पान सलग वाचताना थकतात. त्यांच्यासमोर आपण जुनं पवित्र शास्त्र उघडतो. तारण, नीतिमान, अभिवचन, प्रायश्चित्त हे शब्द रोजच्या बोलण्यात कुठेच नसतात. मग शिक्षक सोपा मार्ग काढतात, मोबाइलवर इंग्रजी किंवा हिंदी गाणं लावायचं. मुलं नाचतात, वेळ जातो. मी त्या गाण्यांवर बंदी घाला म्हणणार नाही. पण जे गाणं आजीला येत नाही ते घरी पोचत नाही, रविवारच्या खोलीतच राहतं. 'उपासना संगीत' या गायनाच्या पुस्तकातलं एखादं भजन झांजेवर घेतलं तर आजीही म्हणते, नातही म्हणते. सोप्या मराठीतही काम झालेलं आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांचं 'सुबोध बायबल' या बाबतीत मोठा आधार आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी ते कॅथलिक धर्मगुरूचं म्हणून बाजूला ठेवू नये.

साताऱ्यात हे काम करणाऱ्यांना तर परंपरा बाहेरून आणायची गरजच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात येऊन राहिले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र येतील असा 'देवाचा दरबार' त्यांना उभा करायचा होता. त्याला फार काळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. पण फुलामुलांचा कवी म्हणून सगळा महाराष्ट्र ज्याला ओळखतो, त्याची अखेरची वर्षं या गावात गेली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. अभंग, ओवी, कीर्तन ही घरची साधनं त्यांनी उपासनेत आणली. मुलांच्या वर्गाला याहून चांगलं काय हवं? कीर्तनात गोष्ट असते, गाणं असतं, मध्येच विषय सोडून आख्यान रंगवायची मोकळीक असते, आणि ऐकणाऱ्याला टाळ्या वाजवत सामील होता येतं. शब्बाथ शाळेच्या शिक्षकाला एक साधं आख्यान लावता आलं तर परदेशी पुस्तिकांवरचा निम्मा भार कमी होईल.

टिळकांच्या घरातली आणखी एक गोष्ट मला या विषयासाठी फार मोलाची वाटते. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधली वर्षं ताटातुटीची, मग एका छताखाली राहूनही सोवळं सांभाळण्याची. लक्ष्मीबाई 'स्मृतिचित्रे'त हे ज्या मोकळेपणाने सांगतात त्याला मराठीत तोड नाही. श्रद्धा त्यांच्यात आली ती हळूहळू, भांडत, प्रश्न विचारत, एकेक बंधन स्वतःच्या मनाने सोडत. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी मान डोलावली नाही, आणि म्हणूनच पुढे त्यांना कुणी हलवू शकलं नाही. मोठ्या बाईला आपण एवढा वेळ देतो, तर आठ वर्षांच्या मुलाला का देत नाही? व्हीबीएसच्या शेवटच्या दिवशी, कुणी कुणी येशूला हृदयात घेतलं ते हात वर करा, असं म्हणतात. शेजारचा हात वर गेला की सगळेच हात वर जातात. ही आकडेवारी अहवालात लिहायची घाई मंडळ्यांनी सोडावी. दृढीकरणाचं, म्हणजे आपली श्रद्धा स्वतः मंडळीसमोर कबूल करण्याचं वय पुढे येतंच. तोवर मुलाला खोलीत आनंदाने येऊ द्या, एवढं पुरे.

गोष्टीसाठी साधनं कुठून आणायची, हा प्रश्न प्रत्येक शिक्षक विचारतो. रोममध्ये १९५४ पासून सोफिया कावालेत्ती यांनी माँटेसोरी पद्धतीवर मुलांच्या धर्मशिक्षणाची एक रीत घडवली. लाकडाचा छोटा मेंढपाळ, छोटी मेंढरं मुलांच्या हातात द्यायची, गोष्ट थोड्या शब्दांत सांगायची, आणि मग मुलांना नवल वाटू द्यायचं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला दाखवून दिलं की, पानं, बिया, शिंपले, माती यांतून बालवाडीचं सगळं सामान उभं राहतं. हे दोन्ही एकत्र आणायला साताऱ्याचा माण-खटाव आणि सांगलीचं जत-आटपाडी यांच्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. माणदेशचे धनगर पाऊस सरला की कळप घेऊन निघतात. माडग्याळ जातीची मेंढी तर जत तालुक्यातलीच. शेतकरी रात्री रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीखत मिळतं, त्याबद्दल धनगराला धान्य-पैसे देतात. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, घोड्यावर बिऱ्हाड आणि त्यातच नुकतं जन्मलेलं कोकरू. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगणाऱ्याने मुलांना एक दिवस धनगराच्या वाड्यावर न्यावं. शंभरातली एक गेली हे तुम्हाला कसं कळतं, हे मुलांनी त्या धनगरालाच विचारावं. तो मेंढ्या मोजत बसत नाही, प्रत्येकीला ओळखतो. मेंढपाळाच्या दाखल्यात येशूला हेच सांगायचं होतं, आणि ते मुलांना माणदेशच्या माळावर ऐकायला मिळतं.

शेजारधर्माचा प्रश्न टाळता येत नाही. भाद्रपदात गल्लीत गणपती येतो, वर्गातली सगळी मुलं मंडळात नाचतात. ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून लोणंद-फलटणला येते तेव्हा अख्खा रस्ता टाळांनी भरतो. आपल्याकडे गणपती का नाही, हा प्रश्न ख्रिस्ती घरातलं मूल विचारणारच. काही शिक्षक घाबरून दुसऱ्यांच्या देवाविषयी वाईट बोलतात. हे अत्यंत चुकीचं आहे, आणि त्याचे घाव त्या मुलावरच होतात, कारण उद्या त्याला त्याच बाकावर बसायचं असतं. आपण काय मानतो आणि का मानतो, हे सांगायला दुसऱ्याची निंदा लागत नाही. मोदक शेजारून आला तर खायचा की नाही, यावर घराघरांत वेगळी मतं आहेत. पण मोदक आणणाऱ्या काकूंना नाताळला करंज्या आणि केक न्यायचा, यावर कुणाचं दुमत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. खाऊच्या आशेने शेजारची मुलं वर्गात येऊन बसतात. त्यांना हाकलायचं नाही, पण त्याच दिवशी त्यांच्या आईवडिलांना भेटून इथे काय होतं ते सांगायचं. ते नको म्हणाले तर मूल वर्गात बसवायचं नाही. संविधानाच्या २८ व्या कलमाने अनुदानित शाळांनासुद्धा पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवायला मनाई केली आहे. चर्चच्या वर्गाने त्याहून सैल वागू नये. तसंच मुलांच्या सुरक्षेचं. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं, कुणी मुलाला एकटं घेऊन जायचं नाही, छड्या मुळीच नाहीत. छोट्या मंडळीत सगळे ओळखीचे असतात म्हणून हे नियम लागू नाहीत, असं मानणं धोक्याचं आहे.

आणि सगळ्यात जास्त जे घडतं ते घरी. आठवड्यातला एक तास काय काय करणार? अनुवादाच्या पुस्तकात, म्हणजे मोशेच्या पाचव्या ग्रंथात, मुलांना शिकवायच्या जागा सांगितल्या आहेत त्या घरात बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. साने गुरुजींच्या श्यामची आई जे करत होती तेच हे. मिशनच्या शाळा-दवाखान्यांतली नोकरी हा या समाजाचा जुना आधार आता राहिलेला नाही. तरुण आईबाप पुण्याला जातात, मुलं शनिवार-रविवारी आजीकडे येतात. ज्या घरांत रात्री जेवणाआधी पाच मिनिटं का होईना टीव्ही-फोन बाजूला ठेवून कुटुंबाची प्रार्थना होते, त्या घरांतल्या मुलांचा वर्गातला सूरच वेगळा असतो, असं मला भेटलेल्या प्रत्येक शिक्षकाने सांगितलं. ही प्रार्थना लांबलचक नको. बापाने आज मी चिडलो, क्षमा कर, एवढं मुलासमोर देवाला म्हटलं तरी मुलाला त्यातून जे कळतं ते कुठल्या पुस्तिकेत मिळणार नाही.

मुलांना मंडळीत काम द्या, असंही मी आग्रहाने म्हणेन. गायनाची पुस्तकं वाटणं, पाणी देणं, शास्त्रपाठातल्या चार ओळी वाचणं, आजारी आजोबांना भेटायला पाळकांबरोबर जाणं. मोठ्या चर्चमध्ये यासाठी रांग लागते. चाळीस माणसांच्या मंडळीत दहा वर्षांच्या मुलीवाचून काम अडतं, आणि आपल्यावाचून अडतं हे तिला कळतं.

या दिवाळीनंतर नाताळची धावपळ सुरू होईल. त्याआधी सातारा, कराड, वाई, सांगली, मिरज, कुठेही आपली मंडळी असेल तिथल्या वडीलजनांना आणि पाळकांना माझी एक विनंती आहे. एका रविवारी मुलांच्या खोलीत शेवटच्या ओळीत सतरंजीवर बसा. काही शिकवू नका. मुलं जे प्रश्न विचारतील ते एका कागदावर लिहून घ्या, नावं गाळून मंडळीच्या पुढच्या सभेत वाचून दाखवा, आणि पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम त्या कागदावरून ठरवा.